सोलापुरात बटाट्याला जिवाणू खत: पावडर की द्रवरूप?

दोन्हींत जिवाणू तेच असतात. अ‍ॅझोटोबॅक्टर हवेतला नत्र (नायट्रोजन) स्थिर करतो, पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारा जिवाणू जमिनीत अडकलेला स्फुरद (फॉस्फरस) मोकळा करतो. आपल्याला गरज पीएसबीची जास्त. सोलापूरची काळी जमीन चुनखडीची, सामू (पीएच) बहुधा आठच्या आसपास किंवा वर. डीएपी खतातला बराच स्फुरद तिथे चुना धरून ठेवतो आणि बटाट्याच्या उथळ मुळांना तो मिळत नाही. पीएसबी सेंद्रिय आम्ले सोडून त्यातलाच काही विरघळवतो. रायझोबियम हे जिवाणू खत कुणी पुढे केले तर घेऊ नका, ते हरभरा-तुरीसाठी.

पावडर म्हणजे लिग्नाइट कोळशाच्या भुकटीत मुरवलेले जिवाणू. मानकाप्रमाणे तिच्यात ग्रॅमला किमान ५ कोटी जिवाणू हवेत, द्रवरूपात मिलीला १० कोटी. पावडर साधारण ६ महिने टिकते, द्रवरूप वर्षभर, तेही सावलीत ठेवले तर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याच्या दुकानात उन्हाळा काढलेले पाकीट ऑक्टोबरात स्वस्त मिळाले तरी नको. तारीख वाचा, पाकीट दाबून बघा. पावडर ओलसर लागली पाहिजे. कोरडी भुकटी झाली असेल तर आतले बहुतेक जिवाणू मेलेले असतात.

ठिबक असेल तर द्रवरूपच. व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारी नळी) संध्याकाळी, वाफसा असताना सोडता येते. पावडरीने फिल्टर आणि ड्रिपर तुंबतात. पाटपाणी असेल आणि ताजी पावडर मिळत असेल तर जादा पैसे कशाला घालवायचे? शेणखतात कालवून सरीत टाका.

बेणेप्रक्रियेला मला पावडर आवडते. ती पाण्यात कालवून त्यात बुडवून काढलेल्या बेण्याच्या डोळ्यांच्या खाचांत काळा थर बसलेला दिसतो, कुठे लागले नाही ते लगेच कळते. बुरशीनाशक लावायचे तर आधी, बेणे सुकल्यावर जिवाणू. फोडी केल्या असतील तर कापलेली बाजू आधी सुकू द्या. मग सावलीत ठेवून त्याच दिवशी लागण करा.

बाटली की ट्रॉलीभर कुजलेले शेणखत, अशी वेळ आली तर मी डोळे झाकून शेणखत घेईन. सेंद्रिय कर्बाशिवाय जिवाणू उपाशी मरतात. रासायनिक खतही एकदम बंद करू नका. माती तपासून पहिल्या वर्षी थोड्या सऱ्यांतच पाव हिस्सा कमी करा, आणि काढणीला त्या सऱ्यांचे बटाटे वेगळे तोला.