देरिएर ल मिरवार, काल्डर अंक: घ्यायचा तर अख्खाच घ्या

पॅरिसच्या ‘माग’ (Maeght) या आर्ट गॅलरीचं देरिएर ल मिरवार हे मासिक 1946 ते 1982 चाललं, नंबर 253 पर्यंत गेले. गॅलरीत ज्याचं प्रदर्शन त्याच्यावर अंक, म्हणजे तसा कॅटलॉगच, पण आत ब्राक, मिरो, शागाल अशा चित्रकारांनी त्या अंकासाठी मुद्दाम केलेले लिथोग्राफ (दगडावर किंवा धातूच्या पत्र्यावर चित्र काढून त्यावरून घेतलेले छाप) असायचे. माझ्याकडे अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरचा 1968 चा, 173 नंबरचा आलाय आणि मी जाम खूश आहे.

साधारण 38 बाय 28 सेंटीमीटर, पिन नाही की शिलाई नाही, सुटे दुमडलेले कागद कव्हरमध्ये ठेवलेले. डबल पान उघडा आणि खिडकीपाशी तिरकं धरा, लाल रंगाचा थर कागदावर बसलेला सरळ दिसतो, आणि प्रत्येक रंग वेगळा छापायचे त्यामुळे कुठे कुठे काळ्याची कड त्याच्यावर जराशी चढलीये, ते बघण्यात माझा वेळ कसा जातो कळत नाही. हा काल्डर 1955 ला उद्योगपती घराण्यातल्या गिरा साराभाईंच्या निमंत्रणावरून अहमदाबादला येऊन शिल्पं करून गेलाय, म्हणून मला तो जरा आपलाच वाटतो.

आता महत्त्वाचं. बरेच विक्रेते अंक फोडून एकेक पान फ्रेम करून विकतात आणि मधली घडी माउंटखाली (फ्रेममधल्या पुठ्ठ्याखाली) लपवतात किंवा दाबून सपाट करतात. अरे, ती घडी मूळचीच आहे, तो दोष नाहीच! मागे मजकूर छापलेला असला तरी घाबरू नका, मासिकच आहे ते. साध्या अंकातल्या पानांवर सही नसते (150 प्रतींची डिलक्स आवृत्ती वेगळ्या कागदावर निघायची, तिचा भावही वेगळा), त्यामुळे सुट्या पानावर पेन्सिलची सही दिसली की मी तरी हात लावत नाही. एकाकडे पानाच्या मागच्या बाजूचा फोटो मागितला तर उत्तरच नाही, विषय संपला.

भिंग मात्र हवंच. ऑफसेटला (म्हणजे फोटोवरून यंत्राने केलेल्या नेहमीच्या छपाईला) सारख्या अंतरावर ठिपक्यांची जाळी दिसते, लिथोला भरीव रंग किंवा वेडावाकडा दाणा. अंकात दोन्ही प्रकारची पानं असतात, त्यामुळे प्रत्येक पान तपासा, कव्हरसुद्धा, कारण बऱ्याच अंकांचं कव्हरही लिथोग्राफच आहे.

पावसाळ्यात अ‍ॅसिड-फ्री फोल्डरमध्ये आडवा ठेवा, भिंतीलगतच्या कपाटात नको.