मेडिकल अफेअर्समध्ये पाया कुठे घालायचा: परदेशी सर्टिफिकेट, इथला डिप्लोमा की थेट नोकरी?

एमडीचे आणि फार्म-डीचे निकाल लागले की माझ्या फोनवर एकाच धाटणीचे मेसेज येऊ लागतात. "मॅडम, मेडिकल अफेअर्समध्ये यायचंय, कोणता कोर्स करू?" सोबत माहितीपत्रकांचे फोटो. एकाची फी डॉलरमध्ये, दुसऱ्यावर ठळक अक्षरांत 'शंभर टक्के प्लेसमेंट'. तिसरा कोर्स फुकट असतो, आणि फुकट आहे म्हणूनच त्याच्यावर कुणाचा विश्वास नसतो. प्रत्येकाला वेगवेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं शेजारी शेजारी ठेवते.

त्याआधी कामाबद्दल थोडंसं. मेडिकल अफेअर्स म्हणजे औषध कंपनीतला शास्त्रीय बाजू सांभाळणारा विभाग. एमआर औषध विकतो. मेडिकल अफेअर्सच्या माणसाने विकायचं नसतं. डॉक्टरांच्या शास्त्रीय शंकांना पुराव्यानिशी उत्तर द्यायचं, कंपनीचं साहित्य तपासायचं, अभ्यास उभे करायला मदत करायची आणि फील्डवर जे ऐकू येतं ते प्रामाणिकपणे आत पोहोचवायचं. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीने डॉक्टरांशी शास्त्रीय बोलणं करण्यासाठी खास माणसं नेमली, तिथून एमएसएल (मेडिकल सायन्स लायझन) हे पद आलं. आपल्याकडे जुन्या देशी कंपन्यांत याच कामाला वर्षानुवर्षं 'मेडिको-मार्केटिंग' म्हणत आले. तो जोडशब्द नीट वाचा, म्हणजे या पेशातली खरी ओढाताण कळेल.

म्हणून कोणताही कोर्स मी तीन गोष्टींवर तोलते. शोधनिबंध वाचता येईल का? शास्त्र कुठे संपतं आणि प्रचार कुठे सुरू होतो, ते ओळखता येईल का? आणि औषधाचा दुष्परिणाम कानावर पडला तर पुढच्या तासाभरात काय करायचं, हे कळेल का?

डॉलरमधली सर्टिफिकेटं

यात सगळ्यात जास्त विचारलं जातं ते अमेरिकेतल्या एसीएमए या संस्थेचं बीसीएमएएस (बोर्ड सर्टिफाइड मेडिकल अफेअर्स स्पेशालिस्ट). घरबसल्या आपल्या वेळाने करायचे धडे आणि शेवटी परीक्षा. औषध कसं घडतं, चाचण्या कशा होतात, प्रकाशनाचे नियम काय, एमएसएल दिवसभर काय करतो, असा सगळा पट त्यात एकदा नजरेखालून जातो. कंपनीच्या जगाशी अजिबात ओळख नसलेल्या माणसाला शब्दसंपदा मिळते, हा याचा खरा फायदा. मुलाखतीत 'रिअल वर्ल्ड एव्हिडन्स' (चाचणीबाहेर, रोजच्या उपचारांतून मिळणारा पुरावा) ऐकून चेहरा कोरा पडत नाही.

पण नावातल्या 'बोर्ड' शब्दाने फसू नका. एमडी-डीएनबीसारखी ही वैद्यकीय पात्रता नाही आणि एमएसएल होण्यासाठी भारतात कोणत्याही कायद्याने ती मागितलेली नाही. शिवाय त्यातले कायदे बहुतांशी अमेरिकेचे. डॉक्टरांना दिलेल्या पैशांचा जाहीर हिशोब मागणारा तिथला सनशाइन कायदा तुम्हाला पाठ होईल, पण नागपुरातल्या सीएमईत (डॉक्टरांच्या प्रशिक्षणाच्या कार्यक्रमात) काय चालतं आणि काय चालत नाही, याचं उत्तर त्यात सापडणार नाही.

मॅप्स, म्हणजे मेडिकल अफेअर्सवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, ही वेगळ्या जातीची संस्था. ती ना-नफा आणि सदस्यत्वावर चालणारी, तिचा भर वेबिनार, मार्गदर्शक टिपणं आणि पेशातल्या लोकांच्या गाठीभेटींवर. दोन-तीन वर्षं काम केलेल्याला तिथे भरपूर मिळतं. अगदी नवख्याला मात्र ते चालू मैफलीत मध्येच जाऊन बसल्यासारखं वाटेल. शोधनिबंधांच्या प्रकाशनाच्या कामाकडेच ओढा असेल तर आयएसएमपीपी या त्या क्षेत्रातल्या संघटनेची सीएमपीपी ही परीक्षा आहे, पण ती अनुभवानंतरची.

इथले डिप्लोमे

मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळुरू इथल्या खासगी संस्थांचे क्लिनिकल रिसर्च आणि फार्माकोव्हिजिलन्सचे (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याचे) डिप्लोमे तुलनेने स्वस्त असतात. तिसऱ्या कसोटीवर ते चांगलेच उतरतात. दुष्परिणामाची नोंद ग्राह्य धरायला किमान काय लागतं (ओळखता येईल असा रुग्ण, कळवणारा माणूस, संशयित औषध आणि घटना) हे ही मुलं झोपेतही सांगतात. आपला फार्माकोव्हिजिलन्सचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, तो आता गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतो, त्याची हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे, हेही त्यांना ठाऊक असतं. मोठमोठ्या पदव्या मिरवणाऱ्या कित्येकांना यातलं काही माहीत नसतं.

अडचण पुढे येते. या डिप्लोम्यांची 'प्लेसमेंट' बहुतेक वेळा केस प्रोसेसिंगमध्ये होते. दिवसभर पडद्यासमोर बसून आलेल्या नोंदी कोडिंग करून सिस्टिममध्ये भरायच्या. काम मोलाचं आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण तिथून मेडिकल अफेअर्समध्ये सरकायला डॉक्टरांसमोर बोलण्याचा अनुभव लागतो आणि त्या खुर्चीत तो मिळत नाही. तुम्हाला व्हिजिलन्समध्येच रस असेल तर खुशाल करा. मेडिकल अफेअर्सची पायरी म्हणून करणार असाल तर आधी गेल्या तुकडीतल्या चार मुलांना फोन लावा आणि ती आज नेमकी कोणत्या पदावर आहेत ते विचारा.

एमबीबीएसनंतर विचार करणाऱ्यांसाठी एमडी फार्माकॉलॉजी हाही रस्ता आहेच. तीन वर्षं जातात, पण मेडिकल अ‍ॅडव्हायझरच्या पदासाठी आपल्याकडे हाच जुना, मळलेला मार्ग. त्यापुढे केईएमसारख्या ठिकाणी क्लिनिकल फार्माकॉलॉजीत डीएमही करता येतं. ज्यांना मनापासून रुग्ण बघायचे आहेत त्यांनी मात्र केवळ नोकरीसाठी इकडे वळू नये. दुसऱ्या वर्षी पस्तावलेले मी पाहिले आहेत.

फुकटातलं

इथे लोक नाक मुरडतात, आणि माझं मत सगळ्यात ठाम आहे ते इथेच. नोकरीआधीचा पाया बहुतेकांना जवळजवळ विनाखर्च घालता येतो.

आयसीएमआरच्या चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोग संस्थेचा बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च ऑनलाइन आहे. पीजीच्या विद्यार्थ्यांना तो करावाच लागतो, त्यामुळे एमडीवाल्यांनी तो केलेला असतो आणि विसरलेलाही असतो. तो पुन्हा उघडा. फार्म-डी, बीडीएस, बीएएमएसवाल्यांनी तर नक्की करावा. जीसीपीचे (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे औषधचाचण्या कशा करायच्या याच्या नियमांचे) मोफत कोर्स ग्लोबल हेल्थ नेटवर्कवर मिळतात. फक्त तारीख बघून घ्या, कारण जीसीपीची नवी आवृत्ती, म्हणजे ई-६ आर-३, जानेवारी २०२५ मध्ये अंतिम झाली आणि जुने धडे आर-२ वर बेतलेले आहेत. चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचं हँडबुकही ऑनलाइन मोफत वाचता येतं. ते पहिल्या पानापासून वाचायला बसू नका, अभ्यासातल्या पूर्वग्रहाच्या जोखमीवरचं (रिस्क ऑफ बायस) प्रकरण आधी घ्या.

आणि कायदे मुळातूनच वाचा. २०१९ चे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स आणि मार्च २०२४ ची यूसीपीएमपी ही औषधांच्या प्रचाराची संहिता. संहिता छोटी आहे, एका संध्याकाळी संपते. 'सेफ' हा शब्द पुस्तीशिवाय वापरायचा नाही. भारतात वर्षभराहून अधिक काळ सर्रास मिळणाऱ्या औषधाला 'न्यू' म्हणायचं नाही. डॉक्टरांना द्यायच्या ब्रँडची आठवण करून देणाऱ्या वस्तूची किंमत नगामागे एक हजार रुपयांवर जाता कामा नये. परदेशात सीएमई भरवायची नाही. मुलाखतीला येणाऱ्यांत ही संहिता मुळातून वाचलेला उमेदवार मला क्वचितच भेटतो, महागडं सर्टिफिकेट घेतलेले मात्र हमखास भेटतात.

फुकटच्या वाटेचा दोष एकच, पण मोठा: चूक दाखवायला कुणी नसतं. त्यावर माझा उपाय जर्नल क्लबचा. दोन-तीन मित्र जमवा, आठवड्याला एक निबंध घ्या आणि एकाने चिडक्या डॉक्टरची भूमिका करायची. समजा, निबंधात शंभरातल्या आठ रुग्णांना हृदयविकाराचा झटका येत होता, औषध घेणाऱ्या शंभरांत तो सहा जणांना आला. हे 'पंचवीस टक्क्यांनी कमी' असंही सांगता येतं आणि 'पन्नास जणांना औषध दिलं तर एक झटका टळतो' असंही. दोन्ही वाक्यं खरी. पहिलं ब्रँड टीम छापते, दुसरं डॉक्टर विचारतात, आणि मध्ये तुम्ही उभे असता.

थेट नोकरी

कोर्सच्या मागे न लागता थेट नोकरीत शिरून तिथेच शिकणं हा तिसरा रस्ता. पण नोकरी नोकरीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

बहुराष्ट्रीय कंपनीत पहिले काही आठवडे तुम्ही लॅपटॉपसमोरच. एसओपी (कामाची लेखी ठरलेली पद्धत) वाचा, खाली टिक करा, पुढची उघडा. मग आजार, मग मॉलिक्यूल (म्हणजे कंपनीचं औषध), मग वरिष्ठांसमोर सराव, आणि त्यात पास झाल्यावरच फील्ड. कंटाळा येतो, पण सीमारेषा हाडीमाशी भिनते. डॉक्टरांनी आपणहून विचारलेला ऑफ-लेबल (मंजुरी नसलेल्या वापराबद्दलचा) प्रश्न आणि आपण त्यांच्याकडून काढून घेतलेला प्रश्न, यांतला भेद तिथे पुन्हा पुन्हा घोटून घेतात. त्याला कारण आहे. १९९६ मध्ये डेव्हिड फ्रँकलिन नावाचा संशोधक अमेरिकेत पार्क-डेव्हिसमध्ये मेडिकल लायझन म्हणून लागला. मंजुरी नसलेल्या आजारांसाठी न्यूरॉन्टिन हे औषध खपवायला आपल्याला वापरलं जातंय, हे लक्षात आल्यावर काही महिन्यांतच तो बाहेर पडला आणि कोर्टात गेला. २००४ मध्ये ते प्रकरण ४३ कोटी डॉलरला मिटलं. नव्या माणसाला मी हीच गोष्ट आधी सांगते, कारण तिच्यातला माणूस एमआर नव्हता, तो आपल्याच खुर्चीत बसलेला होता.

बहुराष्ट्रीय कंपनीची उणी बाजू म्हणजे अरुंदपणा. तीन वर्षं एकच मॉलिक्यूल. स्लाइडचा मजकूर मुख्यालयातून मंजूर होऊन येतो, आपण फक्त वाचून दाखवायचा, असंही होतं.

देशी कंपनीत याच्या नेमकं उलट. दुसऱ्या दिवशी टेबलावर दहा ब्रँड. सकाळी एलबीएल (डॉक्टरांकडे ठेवून यायचं प्रचाराचं पत्रक) तपासा, दुपारी एमआरच्या नव्या तुकडीला मधुमेह शिकवा, संध्याकाळी औषध मंजुरीबाबत सल्ला देणाऱ्या सरकारी विषयतज्ज्ञ समितीसमोर जाणाऱ्या प्रस्तावाचा शास्त्रीय भाग लिहा. एफडीसी म्हणजे एका गोळीत दोन-तीन औषधं, हा विषय तर इथेच खरा कळतो. सरकारने २०१६ मध्ये ३४४ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ एफडीसींवर बंदी घातली. आपल्या यादीतलं कोणतं जोडऔषध शास्त्रावर उभं आहे आणि कोणतं केवळ सवयीवर, हा प्रश्न तिथल्या मेडिकलच्या माणसाला टळत नाही. इतकी रुंदी कोणत्याच कोर्समध्ये मिळणार नाही.

मिळत नाही ते 'नाही' म्हणायचं बळ. मी एका देशी कंपनीतच सुरुवात केली. दुसऱ्या आठवड्यात पीएमटीतला (ब्रँड सांभाळणाऱ्या मार्केटिंग टीममधला) एक जण घाईघाईने एलबीएल घेऊन आला, "मॅडम, प्रिंटिंगला जायचंय, सही तेवढी." मी केली. नाकारता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांनी एका फिजिशियननी तोच कागद माझ्यासमोर धरला आणि तळाच्या बारीक अक्षरांतल्या संदर्भावर बोट ठेवलं: बावीस रुग्ण, तुलनेला दुसरा गटच नाही. ते ओरडले नाहीत. "तुम्ही वाचला होता का हा पेपर?" एवढंच विचारलं. सही करताना आजही मी आधी तळ बघते.

मग कुणी काय करावं

एमडी फार्माकॉलॉजी असाल तर सर्टिफिकेटवर आत्ता पैसे घालू नका. तुम्हाला शास्त्र येतं, कंपनीची भाषा पहिल्या तिमाहीत येईल. यूसीपीएमपी वाचा आणि अर्ज करा.

फार्म-डी, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएसवाल्यांची अडचण वेगळी आहे, त्यांचा बायोडेटा उघडलाच जात नाही. तिथे सर्टिफिकेटने थोडी मदत होते हे मी नाकारणार नाही. तरीही आधी तीन महिने फुकटची वाट चाला आणि एखाद्या आजारावरच्या पाच मोठ्या चाचण्यांची स्वतःची दोन पानी टिपणं तयार ठेवा. मुलाखतीत अशी टिपणं काढून दाखवणारा उमेदवार माझ्या लक्षात राहतो. एवढं करूनही सहा महिन्यांत दार उघडलं नाही, तर मग डॉलरचा विचार करा, तोही फी आणि होऊ घातलेला महिन्याचा पगार एकाच कागदावर मांडून.

नोकरीत असाल तर ते सर्टिफिकेट कंपनीच्या प्रशिक्षण खर्चातून मागा. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी मागितलं तर मिळण्याची शक्यता बरी असते.

आणि देशी की बहुराष्ट्रीय, या पेचात असाल तर मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं म्हणतील तेव्हा पगाराआधी दोन गोष्टी विचारा. मेडिकल टीम कुणाला रिपोर्ट करते? आणि गेल्या वर्षभरात मेडिकलने अडवलेला एखादा प्रचाराचा कागद सांगता येईल का? पहिल्याचं उत्तर 'मार्केटिंग हेडला' असेल आणि दुसऱ्यावर समोरचे दोघे एकमेकांकडे बघू लागले, तर ऑफर लेटरवर सही करायला आठवडाभर वेळ मागून घ्या.