गोव्यात बिऱ्हाड हलवायचंय, पोरं लहान आहेत: म्हापसा, पर्वरी, फोंडा, मडगाव की सावंतवाडीहूनच ये-जा?

माझ्या चुलतभावाला तुयेला नोकरी लागली, पेडणे तालुक्यात, आणि त्याचा फोनवरचा पहिलाच प्रश्न, "दादा, घर खंय घेव?" मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा, बायको सध्या घरी आहे पण पुढे तिलाही काम करायचंय. आम्ही मूळ कुडाळचे. मी स्वतः आठ वर्षांपूर्वी असाच आलो, आधी दोन वर्षं पर्वरीत काढली मग फोंड्याला गेलो, मेव्हणी मडगावला असते, आणि शाळेतला एक मित्र अजून सावंतवाडीहून म्हापशाला रोज ये-जा करतो. म्हणजे चारही बाजूंची रडगाणी मला तोंडपाठ आहेत. फोनवर तास गेला तरी संपेना म्हणून लिहूनच काढतोय.

घर बघायच्या आधी नवरा-बायकोने बसून एक ठरवा, किती वर्षांसाठी जाताय? तीन-चार वर्षं की पोरांची अख्खी शाळा? आपल्या सिंधुदुर्गातल्या माणसाला बांद्यावरून पत्रादेवी, म्हणजे गोव्याची हद्द, ओलांडली तरी काही बदललंय असं वाटतच नाही, तीच माडांची रांग, तेच बांगडे, बोलणंही निम्मं तेच, पेडणं तर पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांकडेच होतं. पण १९८७ पासून गोवा वेगळं राज्य आहे आणि ते तुम्हाला माशांच्या बाजारात नाही, मामलेदाराच्या ऑफिसात कळतं. इथल्या सरकारी नोकरीला साधारणपणे १५ वर्षं गोव्यात राहिल्याचा दाखला मागतात, वर कोकणी यायला हवी. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, कार्ड हवं तर ५ वर्षं राहिलेलं असावं लागतं. ही वर्षं मोजायला सुरुवात होते ती पत्ता इकडचा झाल्यावर. माझ्या त्या मित्राने अकरा वर्षं गोव्याचा पगार खाल्लाय आणि राहिवासाची वर्षं किती तर शून्य. त्याला फरक पडत नाही कारण त्याला सावंतवाडी सोडायचीच नाहीये. तुम्हाला पडतो का ते बघा.

आधी सावंतवाडीचंच घेतो, कारण सगळ्यांना पहिल्यांदा हेच सुचतं की घर आपल्याकडे ठेवू आणि नोकरी तिकडे करू. भाडं गोव्याच्या मानाने खूपच कमी, आईवडील कुडाळला म्हणजे वीसेक किलोमीटरवर, पोराला ताप आला तर आजी तासाभरात हजर, ह्याची किंमत कुठल्याच तक्त्यात बसत नाही. शाळा बोर्ड रेशन काहीच हलवावं लागत नाही. संध्याकाळी मोती तलावाभोवती पोरांना फिरवता येतं, गाव अजून गावासारखं आहे. पण म्हापसा इथून पंचेचाळीसेक किलोमीटर आणि पणजी त्याच्याही पुढे. हायवे चौपदरी झाल्यापासून रस्ता मस्त आहे, ते कबूल, पण जुलैत बाईकवरून रोज नव्वद किलोमीटर करून बघा एकदा, मित्राचे दोन रेनकोट एका सिझनमध्ये जातात आणि पाठ जाते ती वेगळीच. ट्रेनच्या भरवशावर राहू नका, स्टेशन गावात नाही, मळगावला आहे आणि गाड्यांच्या वेळा कुठल्याच शिफ्टला जुळत नाहीत. शिवाय बाप सकाळी सातला निघतो आणि रात्री आठला येतो, चार वर्षांची मुलगी त्याला रविवारीच दिसते.

दवाखान्याचं नीट समजून घ्या. सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालय आहे, ओरोसला आता मेडिकल कॉलेजही झालंय, पण केस गंभीर झाली की आपल्याकडची माणसं पूर्वीपासून बांबोळीच गाठतात, म्हणजे पणजीजवळचं गोवा मेडिकल कॉलेज, जीएमसी. तिथे २०१८ पासून गोव्याबाहेरच्या पेशंटला पैसे लावतात. उपचार चांगलेच मिळतात, फक्त सगळं फुकट होईल ह्या समजुतीत जाऊ नका आणि कंपनीचा मेडिक्लेम असेल तर त्यात पोरांची नावं घातलीयत का ते आजच बघा.

तुये किंवा मोपाच्या विमानतळाकडे नोकरी असेल तर मात्र सावंतवाडी, त्यातही बांदा, खरंच विचार करण्यासारखं आहे कारण ते अंतर फार नाही. वेर्णा, मडगाव बाजूला, म्हणजे दक्षिण गोव्यात नोकरी असेल तर हा विषय इथेच सोडा.

आता म्हापसा. आमच्याकडचे अर्धे लोक इथेच उतरतात आणि त्याला कारण आहे. मालवण, कुडाळ, सावंतवाडी सगळीकडच्या गाड्या म्हापशावरूनच पणजीला जातात, थिवी स्टेशन जवळ आहे, रात्री उशिरा गावाहून आलात तरी घरी पोचता. बाजार, डॉक्टर, शाळा, बँक सगळं चालत. ज्या घरात एकच गाडी आहे आणि ती नवरा घेऊन जातो त्या घरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. म्हापशातच पेडे भागात जिल्हा हॉस्पिटल आहे. शुक्रवारच्या बाजारात तर मालवणी बोललात तरी भाव कोकणीतच मिळतो, म्हणजे परका धरून वाढवून सांगत नाहीत. बोडगेश्वराच्या जत्रेला आमची मोठी गँग अजूनही जाते.

वाईट बाजू म्हणजे गाव जुनं, रस्ते अरुंद, पार्किंगवरून भांडणं, आणि पोरांना खेळायला बिल्डिंगच्या जिन्याशिवाय जागा नाही. अजून एक, बार्देशला, म्हणजे म्हापशाच्या तालुक्याला, पाणी येतं अस्नोड्याच्या प्लांटमधून आणि त्याला पाणी येतं तिलारीच्या कालव्यातून. कालवा कुठे दोडामार्गकडे फुटला की इकडे नळ कोरडा. त्यामुळे घर बघायला जाल तेव्हा हॉल किती मोठा हे नंतर बघा, आधी खाली टाकी केवढी आहे आणि टँकर आत शिरतो का ते बघा.

पर्वरीबद्दल मी जरा कडवट आहे हे आधीच सांगतो. कागदावर सगळ्यात भारी, पणजी पुलापलीकडे, म्हापसा दहा मिनिटांवर, चांगल्या शाळा, पोरांचे डॉक्टर भरपूर, बांबोळीही त्यातल्या त्यात जवळ. आम्ही त्याच हिशेबाने गेलो. माझी नोकरी फोंड्याकडे कुंडईला, बायको घरी, मुलगा अडीच वर्षांचा. एका दुपारी त्याला १०३ ताप, मी कंपनीत, आणि आमच्या कॉलनीतून हायवेवर यायला वीस मिनिटं चढ. रिक्षा नाही, इथे हात केला की थांबणारी रिक्षा मिळत नाही हे मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवा, टॅक्सीवाल्याने सांगितलेलं भाडं ऐकून ती तशीच पोराला कडेवर घेऊन चालत गेली. पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सी मिळाली असती पण तापाचं पोर घेऊन पायलटच्या मागे बसणार कसं? दुसऱ्याच महिन्यात सेकंडहँड स्कूटी घेतली. तर पर्वरीत राहायचं तर घरात दोन गाड्या पाहिजेत आणि दोघांना चालवता यायला पाहिजे, हा खर्च भाड्यात धरा, आणि भाडं आधीच चढं आहे. त्यात हायवेवर वरून जाणाऱ्या रस्त्याचं काम काढल्यापासून तिकडच्या ट्रॅफिकबद्दल मित्र जे सांगतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारी मात्र चांगले होते, दिल्लीचे, केरळचे, बंगालचे. परिणाम असा की मुलगा पहिल्यांदा हिंदी बोलायला शिकला, आजीला फोनवर "नानी" म्हणाला, माझ्या आईने दोन दिवस जेवण नीट केलं नाही!

मग आम्ही फोंड्याला आलो. आईला पहिले सहा महिने वाटायचं आम्ही फोंडाघाटला राहतो, म्हणजे कणकवलीच्या वरच्या, आणि ती सगळ्यांना सांगायची पोरगा जवळच आलाय. असो. पर्वरीत जेवढ्या भाड्यात एक बेडरूम होती तेवढ्यात इथे दोन मिळाल्या, वर मागे फणसाचं झाड. कुंडई, बेतोडा इथे कारखाने आहेत म्हणजे नोकरी ह्या पट्ट्यात असेल तर दुपारी जेवायला घरी येता येतं, मी येतो. मराठी वातावरण सगळ्यात जास्त इथे, नाटकं, भजनं, देवळातल्या जत्रा, म्हार्दोळ, मंगेशी, कवळे सगळं हाकेच्या अंतरावर, राजीव गांधी कलामंदिरात बालनाट्य असलं की पोरं हट्ट धरून बसतात. फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, ते आत्ता तुम्हाला नको असेल पण अख्ख्या शाळेसाठी येणाऱ्याने पुढचंही बघावं. पाणी ओपाच्या प्लांटचं, आमच्या भागात तरी फारशी तक्रार नाही.

पण फोंड्याला रेल्वे नाही. गावी जायचं तर आधी पणजी गाठा, तिथून गाडी धरा, पोरं झोपलेली, सामान, अर्धा दिवस त्यातच. पाऊस किनाऱ्यापेक्षा जास्त, जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते आणि पोरांचे युनिफॉर्म फ्रीजच्या मागे वाळवावे लागतात, दम्याचा त्रास असलेलं पोर असेल तर हे हसण्यावारी नेऊ नका, पावसाळ्यात येऊन घराच्या भिंती हाताने चाचपून बघा. उपजिल्हा हॉस्पिटल आहे पण मोठ्या गोष्टीला बांबोळीच, आणि तिकडे जाताना भोमला रस्ता गावातून अरुंद होतो, तिथे अडकलात तर अडकलात.

मडगावबद्दल मी कमी बोलतो कारण मी तिथे राहिलो नाही, पाहुणा म्हणून जातो. नोकरी वेर्ण्याला असेल तर डोळे मिटून मडगाव, फातोर्डा किंवा बोर्डा बाजूला. रेल्वे तर काय, सगळ्या गाड्या थांबतात, मांडवी एक्स्प्रेस पकडली की दोनेक तासांत कुडाळ, म्हणजे नकाशावर लांब असून गावाला जायला फोंड्यापेक्षा सोपं. जिल्हा हॉस्पिटल, पूर्वीचं हॉस्पिसियो, गावातच. इंग्रजी शाळांना चॉईस खूप. मेव्हणीची तक्रार एवढीच की सासष्टीची, म्हणजे मडगावच्या तालुक्याची, कोकणी तिला तीन वर्षं झाली तरी अर्धीच कळते, पोरगी मात्र फाडफाड बोलते आणि आईलाच चिडवते.

शाळेचं म्हणाल तर गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी नाहीतर कोकणी माध्यमाच्या, इंग्रजी पाहिजे तर अनुदानित किंवा खासगी. अनुदानित शाळांना बालरथ असतो, पिवळी बस, पण ती तुमच्या वाड्यापर्यंत येते का हे शाळेत नाही तर त्या वाड्यातल्या दुसऱ्या पालकाला विचारा. वरच्या वर्गांचं वर्ष २०२५ पासून एप्रिलातच सुरू होतं, म्हणजे मोठं भावंड असेल तर मे महिन्याची सुट्टी संपवून आरामात जूनमध्ये जाऊ असं चालणार नाही. भाषेचं टेन्शन घेऊ नका, आमचा मुलगा सहा महिन्यांत "म्हाका नाका" म्हणायला लागला, आम्ही घरी "माका नको" म्हणतो, एका ह-कारावरून आता रोज जुगलबंदी चालते.

गाडीचं, एमएच-०७ ची म्हणजे सिंधुदुर्गची गाडी घेऊन कायमची राहायला आलात तर बारा महिन्यांच्या आत नंबर बदलायचा असतो, आधी तिकडच्या आरटीओची एनओसी, मग इकडे रोड टॅक्स परत. सावंतवाडीहून ये-जा करणाऱ्याला हे नाही, उलट तो स्वस्त पेट्रोल गोव्यात भरून घरी जातो. विजेचं बिलही इकडे आपल्यापेक्षा कमी येतं, पहिलं बिल बघून मला वाटलं मीटर बिघडलाय.

तर भावाला मी काय सांगितलं? म्हापसा, भाड्याने, तीन वर्षं. तुये कोलवाळच्या पुलावरून जवळ, त्याच्या बायकोला गाडीशिवाय सगळं चालत मिळेल, आणि आजीला बस बदलावी लागणार नाही. नोकरी टिकली आणि मन रमलं तर मुलगी पहिली-दुसरीत असताना पुढचं ठरवा, त्या वयात शाळा बदलली तर पोरं आठ दिवसांत विसरतात. पर्वरीला नको म्हटलं, पण बायको पणजीत नोकरीला लागली आणि दुसरी गाडी आली तर माझं मत बदलेल. फ्लॅट किंवा प्लॉट विकत घेण्याचं आत्ता नावच काढू नको म्हटलं. इथे सातबारा नाही, एक-चौदाचा उतारा असतो, जमीन कोमुनिदादची म्हणजे जुन्या गावसंस्थेची आहे का, आत मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीवर कायद्याचं संरक्षण असलेल्या रहिवाशाचं, घर आहे का हे सगळं इथल्या वकिलाकडून बघून घ्यावं लागतं, आणि स्वस्तात मिळतंय म्हणून सांगणारा एजंट ह्यातला एकही शब्द स्वतःहून उच्चारत नाही.

आणि घर ठरलं की ॲग्रीमेंटच्या दिवशीच मालकाबरोबर पोलीस स्टेशनला जाऊन भाडेकरूचा फॉर्म भरून या, त्याची शिक्का मारलेली कॉपी मागून घ्या. आमच्या पहिल्या मालकाने "करतो, करतो" म्हणत चार महिने काढले, आणि मग पत्त्याचा पुरावा म्हणून आमच्याकडे दाखवायला फक्त गॅसची पावती होती, तीही त्याच्याच नावावरची.