घड्याळाला कालचा दिवस आठवत नाही: आठ महिने वापरल्यावर

गेल्या ऑक्टोबरात, न्यूझीलंडच्या लेबर डेच्या जोडून सुट्टीच्या तोंडावर, श्वास रोखून बुड्या मारणाऱ्यांसाठीचं मनगटी घड्याळ घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते या जातीच्या बहुतेक घड्याळांना लागू पडेल. तेव्हापासून चाळीसेक दिवस पाण्यात गेलो, त्यातले निम्मे तरी शनिवार-रविवार असे लागोपाठ. राहतो ऑकलंडला, भाला घेऊन उतरतो तुतुकाकाच्या किंवा कोरोमांडलच्या बाजूला. (पुअर नाइट्स बेटांवर नाही, तिथे मासेमारीला पूर्ण बंदी आहे.) गाव मालवणजवळचं. आजोबा पाग (फेकायचं जाळं) टाकायचे. मासा पाण्याखाली जाऊन मारायचं खूळ मात्र मला इथेच लागलं.

घड्याळ दीडेक मीटर खाली गेलं की आपोआप बुडी मोजायला लागतं आणि डोकं वर आलं की वरचा वेळ. सुरुवातीला मी दोनच आकडे बघायचो: किती खोल गेलो आणि किती वेळ राहिलो. पोराच्या प्रगतिपुस्तकासारखे बायकोलाही दाखवायचो. तिसरा आकडा, म्हणजे दोन बुड्यांमधली विश्रांती, त्याच पडद्यावर होता, पण त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

फेब्रुवारीत वायतांगी डेची सुट्टी आली. शनिवारी पाणी नितळ, २१ अंश. दिवसभरात तीसेक बुड्या, दोन स्नॅपर आणि एक चांगला किंगफिश. (किंगफिशला इथे किमान ७५ सेंटिमीटरची अट आहे, हा आरामात बसला.) रात्री सोलकढी, तळलेल्या तुकड्या, दोन बिअर आणि जेमतेम पाच तास झोप.

रविवारी पाय जड होते, पण मासा दिसला की पायाचं कोण ऐकतो? साधारण १४ मीटरवर मी खडकाला धरून पडून होतो. किंगफिशला कुतूहल फार, तो माणसाभोवती घिरट्या घालत जवळ येतो. येतोय, येतोय म्हणत थांबलो. छातीखाली श्वासपटलाचे झटके सुरू झाले तरी थांबलो. तो वळला, मी वर निघालो. शेवटच्या तीन-चार मीटरला मांड्यांत शिसं ओतल्यासारखं झालं. वर आलो तेव्हा ओठांना मुंग्या येत होत्या. सोबत बुड्या मारणारा जोडीदार म्हणाला, "बोल काहीतरी." ऐकू आलं, पण उत्तर द्यायला फार वेळ लागला. त्याने हनुवटी धरून माझं तोंड पाण्याबाहेर ठेवलं. त्या दिवशी पुन्हा उतरलो नाही.

रात्री नोंदी उघडल्या. शनिवारी सव्वा मिनिटाच्या बुडीनंतर पावणेतीन मिनिटं वर. रविवारी बुडी एक मिनिट वीस सेकंदांची, आणि तिच्याआधीची विश्रांती एक मिनिट दहा. बुडीच्या दुप्पट तरी वर थांबावं हा अगदी प्राथमिक नियम मला तोंडपाठ होता. दमलेला माणूस जास्त थांबेल असं वाटतं, पण मी उलट घाई करत होतो: लवकर एक मासा मिळाला की सुटलो.

श्वास घ्यावासा वाटतो तो साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. ऑक्सिजन संपतोय हे शरीर तितक्या स्पष्टपणे सांगत नाही. खाली १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, तोवर उरलासुरला ऑक्सिजन पुरतो. वर येताना दाब निम्म्यावर येतो, तसा ऑक्सिजनचाही. म्हणून शुद्ध जाते ती बहुतेकदा अगदी वर येताना किंवा वर आल्यावर. जोरजोरात श्वास घेऊन उतरणं तर आणखी वाईट: ऑक्सिजन फारसा वाढत नाही, इशारा देणारा वायू मात्र उडून जातो.

घड्याळ हे सगळं मोजतं, पण रविवारची पहिली बुडी त्याच्यासाठी कोरी पाटी असते. काल तीस झाल्या, झोप कमी, लघवीला सारखं जाऊन (पाण्यात उतरलं की ते होतंच) शरीर सुकलंय, कान सुजल्यासारखे आहेत, हे त्याला माहीत नाही. सकाळी ते "तयारी"चा एक गुणही देतं. एकदा त्याने मला ७८ दिले, आणि मी चार मीटरवर डाव्या कानातला दाब जुळेना म्हणून परत आलो होतो.

तेव्हा कालचा दिवस मीच त्यात भरतो. दुसऱ्या दिवशी खोलीचा गजर १० मीटरवर आणि वरच्या विश्रांतीचा तीन मिनिटांवर लावतो. बुड्या वीस, एकविसावी नाही. खाली जायला कमरेच्या पट्ट्यात लावतो ते शिसंही एक किलो कमी करतो. अंथरुणातच नाडी मोजतो. एरवी ५४-५५ असते, साठच्या वर असली तर भाला गाडीतच राहतो. पाण्याबाहेर श्वास रोखायचा सराव आदल्या रात्री बंद. बिअरही, हे लिहायला जड जातंय.

तक्रारी आहेत. गजराची थरथर वेटसूटच्या बाहीवरून कळत नाही. आता बाही दुमडून घड्याळ थेट कातडीवर बांधतो. डावं बटण मिठाने दोनदा अडकलं, गोड्या पाण्यात बुडवून ठेवल्यावर सुटलं. घड्याळाचा पट्टा सहाव्या महिन्यात चिरला. किमतीच्या मानाने हे खटकतं.

जोडीदार नसेल तर मात्र हे घड्याळ घेऊन काही उपयोग नाही. एक खाली, एक वर, आणि वर आल्यावर अर्धा मिनिट डोळा हलवायचा नाही, हे काम त्याचंच. मी वर येऊन "ठीक आहे" म्हणेपर्यंत तो दुसरीकडे बघत नाही. आता तो स्वतःही वर आला की "ठीक आहे" म्हणतो, फक्त ठ त्याला जमत नाही.

नुकत्याच झालेल्या किंग्ज बर्थडेच्या सुट्टीच्या तीन दिवसांत पहिले दोन दिवस उतरलो. तिसऱ्या दिवशी बोटीवर बसून गळ टाकला. घड्याळात बुड्या शून्य, बादलीत स्नॅपर दोन.