एनएसएस की एनसीसी? फॉर्म भरण्याआधी

पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश झाला की नोटीस बोर्डावर दोन्ही नोटिसा शेजारी-शेजारी लागतात आणि मुलं मैत्रिणीने किंवा मित्राने भरला तो फॉर्म भरतात.

एनसीसी, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना, १९४८ च्या कायद्याने उभी राहिली, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. त्यामुळे कॉलेज कुठलंही असो, परेड, ड्रिल, दहा दिवसांचा कॅम्प हे बहुतेक सारखंच. निवडीला धावायला लावतात, गणवेश मिळतो, हजेरी कमी पडली तर सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येत नाही. 'बी' सर्टिफिकेट दोन वर्षांनी, 'सी' तिसऱ्या वर्षी. म्हणून यायचं तर पहिल्याच वर्षी या. 'सी'ला किमान 'बी' ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असतील, तर लष्करात स्पेशल एंट्रीने लेखी परीक्षा न देता एसएसबीसाठी, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीसाठी, अर्ज करता येतो. सैन्यात जायचंय? मग पुढचं वाचू नका.

एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. योजना केंद्राची, महाराष्ट्रात तिचा कारभार उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा कक्ष आणि विद्यापीठं पाहतात. हिशेब दोन वर्षांचा: वर्षाला १२० तास आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. दुसऱ्या वर्षाला नाव घातलं तरी पूर्ण होतं. काही विद्यापीठांत वाढीव गुणही मिळतात, आणि खरं सांगायचं तर बरेच जण त्यासाठीच येतात. येऊ देत, शिबिरात पहाटे प्रभातफेरी, मग दुपारपर्यंत बंधाऱ्यावर दगड वाहणं आणि रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपणं झालं की गुणांचा विषय आपोआप मागे पडतो.

पण एनएसएस कॉलेजागणिक बदलते. सगळा भार कार्यक्रम अधिकाऱ्यावर, आणि तो एरवी शिकवणारा प्राध्यापकच. तो उत्साही असेल तर गावात शोषखड्डे होतात, पथनाट्यं बसतात. नसेल तर झाडू हातात धरून फोटो आणि तास वहीत. बॅजवर कोणार्कचं चक्र आहे, त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. काही युनिट्स मात्र २ ऑक्टोबरपुरतीच जागी असतात.

तेव्हा फॉर्मआधी वरच्या वर्गातल्या एखाद्या स्वयंसेवकाला गाठा आणि विचारा: दत्तक गाव कुठलं, आणि शिबिर सोडून तिथे शेवटचं कधी गेला होतात?