आरएक्स 100 चा ऑइल पंप काढायला लावणाऱ्यांपासून सावध राहा

वडिलांची यामाहा आरएक्स 100 आमच्या घरी 1992 पासून आहे. ही गाडी भारतात 1985 ते 1996 एवढीच वर्षं बनली, त्यामुळे तिचा इंजिनाला वंगणाचं ऑइल पोचवणारा मूळ पंप आणि पेट्रोल-हवा मिसळून देणारा मूळ कार्बोरेटर आज सोन्याच्या भावाने विकला जातो. हे मला माहीत असतं, तर माझी गाडी त्या गॅरेजात मी सोडून आलोच नसतो.

वडील गेल्यावर गाडी तीन वर्षं झाकून ठेवली होती. चालू करायला कोल्हापुरातल्याच एका मेस्त्रीकडे दिली. दोन दिवसांनी फोन आला, "दादा, ऑइल पंप मेलाय. ह्या गाड्यांचे पंप भरवशाचे नसतात, सगळेच काढून टाकतात. पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली टूटी टाकायचं, बास. आणि जेट सेट करून देतो, पन्नासच्या वर एव्हरेज मिळंल." टूटी म्हणजे टूस्ट्रोक इंजिनाचं ऑइल, आणि जेट म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग. मी हो म्हटलं. साडेचार हजार रुपये दिले. बिल मागितलं नाही, जुने भागही मागितले नाहीत.

मे महिन्यात धाकट्या भावाला मागे बसवून रत्नागिरीला निघालो. आंबा घाट रेस बंद ठेवून तिसऱ्या गिअरवर उतरलो. साखरप्याच्या अलीकडे सपाट रस्ता लागला तशी रेस पूर्ण पिळली. शंभरेक मीटरवर इंजिनाचा आवाज एकदम जड झाला आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. मला क्लच दाबायला सुचलं नाही. दोघेही फरफटत गेलो. भावाचं कोपर हाडापर्यंत सोललं. मागून येणारा ट्रक ड्रायव्हरने वेळेत आवरला, म्हणून आज हे लिहायला आम्ही दोघे आहोत.

गाडी टेम्पोत घालून परत आणली आणि दुसऱ्या एका वयस्कर मेस्त्रींसमोर इंजिन उघडलं. पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला उभे चरे होते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये घासून अडकला होता. प्लग पांढराफटक होता, चांगल्या गाडीचा चॉकलेटी असतो. कार्बोरेटर डुप्लिकेट होता. मेन जेटवर नंबरच नव्हता आणि त्याच्या भोकात तांब्याच्या वायरची एक केसाएवढी तार अडकवलेली होती. पन्नासच्या एव्हरेजचं गुपित ते होतं. काम करायला देण्याआधी मी इंजिनाचा एक फोटो काढला होता, त्यात मूळ मिकुनी कार्बोरेटर स्पष्ट दिसतो.

त्यांनी जे समजावलं ते जुनी टूस्ट्रोक चालवणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं. पंप असतो तेव्हा ऑइल वेगळ्या टाकीतून, इंजिनाच्या फेऱ्यांनुसार आणि रेसनुसार जातं. जेट लहान असला तरी ऑइल थांबत नाही. पंप काढला की ऑइल पेट्रोलमधूनच येतं, आणि पेट्रोल जेटमधून. जेट आवळला की दोन्ही तुटतं. हवा जास्त, पेट्रोल कमी म्हणून इंजिन तापतं, आणि नेमकं तेव्हाच पिस्टनला वंगण अपुरं पडतं. घाट उतरताना रेस बंद असते, चाकं इंजिनाला फिरवत राहतात आणि कार्बोरेटरमधून जवळजवळ काहीच येत नाही. माझं इंजिन आख्खा घाट कोरडं फिरलं होतं.

मग ऑइल वाढवायचं, 20 च्या जागी 40 मिली टाकायचं, असं पुष्कळजण सांगतात. जेट तोच ठेवला तर त्यानेही घात होतो, कारण त्याच भोकातून जाणाऱ्या मिश्रणात ऑइलने पेट्रोलची जागा घेतलेली असते. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल आणखी कमी. प्रमाण बदललं की जेट पुन्हा तपासावा लागतो: सपाट रस्त्यावर पूर्ण रेसवर थोडं अंतर चालवायचं, क्लच दाबून त्याच क्षणी किल्ली बंद करायची आणि प्लग काढून रंग बघायचा. गावात हळू फिरून हे कळत नाही, कारण मेन जेटचं काम पाऊण रेसच्या पुढेच सुरू होतं.

सगळ्यात जास्त राग मला पुढच्या गोष्टीचा येतो. पंप बहुधा मेलेलाच नव्हता. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली, ऑइलची टाकी रिकामी झाली की ऑइलच्या नळीत हवा अडकते आणि पंप ऑइल ओढत नाही. पंपावरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून नुसतं ऑइल येईपर्यंत वाट बघायची. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

पहिल्या मेस्त्रीला विचारायला गेलो तर म्हणाला, "एव्हरेज पाहिजे, असं तुम्हीच म्हणाला होता." पंप आणि कार्बोरेटर कुठे आहेत, याला उत्तर नाही. बिल नसल्याने माझ्याकडे दाखवायला फक्त तो एक फोटो.

सिलिंडर घासून 0.50 मिमी मोठा करावा लागला. वापरलेला पंप शोधून बसवला, कार्बोरेटर नवा घेतला, खर्च चौदा हजारांच्या वर. तुमच्या गाडीचा पंप मेलाय असं कोणी सांगितलं, तर आधी त्याला तुमच्यासमोर हवा काढायला लावा. तरीही काढावाच लागला, तर तो पंप, जुना कार्बोरेटर आणि जुना जेट पिशवीत घालून त्याच दिवशी घरी आणा.