सकाळच्या सभेचा आरंभ: सनई की ख्याल?

आकाशवाणीवर सकाळची सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, सुरू होताना संकेतधून आणि 'वंदे मातरम्' झालं की मंगलध्वनी, म्हणजे आरंभीचं मंगल संगीत, लागतो. तिथे सनईच शोभते. मीडियम वेव्हवर खर्ज (खालचे स्वर) आणि तानपुऱ्याचा नाद पातळ होतो. सनईचा टोकदार स्वर खरखरीतूनही वाट काढतो. फक्त आवाजाची पातळी आधी तार सप्तकावर (सर्वात वरच्या स्वरांवर) लावून घ्या, नाहीतर आवाज तिथेच फाटतो. आलाप चालू असताना सनईचा आवाज हळूहळू उतरवला तरी खटकत नाही.

विलंबित ख्यालाचं तसं नाही. संथ एकतालाचं एकेक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) मिनिटभर घेतं. मंगलध्वनीच्या पाच मिनिटांत बंदिश जेमतेम उभी राहते, आणि समेआधी (तालाच्या पहिल्या मात्रेआधी) तोडली तर रसिक चिडतातच. गाणंच हवं असेल तर मध्यलयीतली छोटी बंदिश निवडा, समेवर संपणारी. राग दोन्हीकडे भैरव. तोडी राग उन्हं वर आल्यावर.